ॲव्हरेजसाठी टायर निवडताना: १४ इंचीवर राहावं की १६ इंची अलॉय टाकावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्विफ्ट पेट्रोल, कंपनीतून आलेले १६५/८० आर १४ टायर, लोखंडी रिम. ४८,००० किलोमीटर झाले, टायर गुळगुळीत झाले. रोज खानापूर ते बेळगावचं उद्यमबाग जाणं-येणं, म्हणजे दिवसाला पन्नासेक किलोमीटर, आणि महिन्यातून एखादी फेरी चोर्ला घाटावरून गोव्याला. आजवर २१ चं ॲव्हरेज मिळालं. आता दुकानदार म्हणतो, १६ इंची अलॉय आणि २०५/५५ टायर टाका, ॲव्हरेजला काही होत नाही. शेजारी म्हणतात, रुंद टायर टाकला की गाडी पेट्रोल पिते. खरं कोणाचं, आणि ॲव्हरेज राखायचं तर नेमकं काय घ्यायचं?

उत्तर आधी सांगतो: १६५/८० आर १४ वरच राहा. फारच हौस असेल तर १८५/६५ आर १५, त्यापुढे नको. शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण कारण ते समजतात ते नाही. आणि आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. तुम्ही अगदी योग्य टायर घेतलात तरी मीटरवरचं ॲव्हरेज २१ वरून २० च्या आसपास उतरणार आहे. तेव्हा टायरला, दुकानदाराला किंवा पंपाला शिव्या देऊ नका. त्याचा हिशेब पुढे आहे.

तुमच्या मूळ टायरचा बाहेरचा व्यास काढू. १६५ मिमी रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी बाजूची उंची. वर-खाली मिळून २६४, अधिक १४ इंच म्हणजे ३५५.६. एकूण ६१९.६ मिमी. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. ती घासून २ मिमीवर आली की व्यास १२ मिमीने घटतो, म्हणजे जवळजवळ २ टक्के. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि मीटर खानापूर-बेळगाव अंतर थोडं जास्त दाखवतो. म्हणजे तुमच्या २१ मधला ०.४ हा मुळात घासलेल्या टायरचा भास आहे.

दुसरं कारण भासाचं नाही, खरं आहे. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा उघडतो. प्रत्येक वेळी रबर थोडी ऊर्जा गिळतं आणि ती उष्णतेत जाते. हात लावून बघा, पन्नास किलोमीटरनंतर टायर कोमट लागतो, ती उष्णता तुमच्याच पेट्रोलची. जितकं रबर जास्त तितकी गिळंकृत ऊर्जा जास्त, आणि सगळ्यात जास्त रबर नक्षीच्या थरात असतं. म्हणून पूर्ण घासलेल्या टायरची ओढ त्याच टायरच्या नव्या अवस्थेपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी असते. हसू येईल, पण ॲव्हरेजला सगळ्यात चांगला टायर म्हणजे फेकायला आलेला टायर. कणकुंबीच्या पावसात मात्र तो तुम्हाला दरीत नेईल.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की २१ चे २० होतात. दुकानदाराचा २०५/५५ आर १६ टाकला तर त्याचा व्यास ६३१.९ मिमी, म्हणजे तुमच्या मूळ मापाहून २ टक्के मोठा आणि सध्याच्या घासलेल्या टायरहून ४ टक्के. एकही थेंब जास्त न जळता मीटरवर ॲव्हरेज २०.२ दिसेल, आणि खरं नुकसान त्यानंतर वेगळं मोजायचं. त्यामुळे टायर बदलण्याआधी आणि नंतर फोनच्या जीपीएसवर किंवा हमरस्त्याच्या किलोमीटरच्या दगडांवर ५० किलोमीटर तपासून मीटर किती टक्के चुकतो ते लिहून ठेवा. पेट्रोल एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिला ‘टक’ झाला की थांबून भरा. वर आणखी रुपये पूर्ण करायला पिळू नका. किमान तीन टाक्यांची सरासरी घ्या. कोल्हापूरहून येताना स्वस्त म्हणून राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे अर्धी टाकी आणि उरलेली बेळगावात, असं केलंत की त्या महिन्याचा हिशेब गेला.

आता रस्त्यावर गाडीला कोण अडवतं ते बघू, कारण सगळा निर्णय यावर उभा आहे. दोन माणसं धरून तुमची गाडी १,०५० किलोच्या आसपास. टायरची ओढ ‘एका टनाला इतके किलो’ अशी मोजतात. साधा टायर टनाला १० किलोच्या जवळपास, चांगला कमी ओढीचा ८ च्या आसपास, त्याहून उत्तम ७ च्या खाली. म्हणजे साध्या टायरवर तुमची गाडी सतत साडेदहा किलो जोराने मागे ओढली जाते, वेग कितीही असो. वाऱ्याचं तसं नाही. ताशी ५० ला वारा सुमारे ८ किलो, ८० ला २० आणि १०० ला ३० किलो जोराने अडवतो. खानापूरच्या रस्त्यावर ६०च्या वेगात टायर आणि वारा जवळजवळ बरोबरीला असतात, म्हणून तुमच्या रोजच्या वापरात टायरची निवड खरोखर जाणवते. ज्यांची गाडी रोज पुणे-बंगळूर हमरस्त्यावर १०० ने संकेश्वर-निपाणी करते त्यांना टायरपेक्षा उजव्या पायाने जास्त वाचवता येईल.

१० वरून ८, म्हणजे ओढ २० टक्के कमी. पेट्रोलमध्ये त्यातून २ ते ४ टक्के वाचतात, कारण बाकीचं पेट्रोल इंजिनच्या आत आणि वाऱ्यातच जातं. मधला ३ धरू. ४०,००० किलोमीटरच्या आयुष्यात २० च्या ॲव्हरेजने २,००० लिटर जळणार, त्याचे ३ टक्के ६० लिटर. १०० रुपये भाव धरला तर ६,००० रुपये, चार टायरमागे. टायरमागे दीड हजार. कमी ओढीचा टायर साध्यापेक्षा किती महाग परवडतो त्याची ही मर्यादा. दुकानात कोणी ‘हा घ्या, दहा टक्के पेट्रोल वाचेल’ म्हणाला तर मनात हा आकडा ठेवा.

१६ इंचीचं खरं नुकसान कशात आहे? ‘रुंद टायर रस्त्याला जास्त चिकटतो म्हणून ओढतो’ हे अर्धसत्य आहे. हवा तितकीच असेल तर जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, आकार बदलतो: अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदचा आडवा. उलट मोठ्या व्यासाचं चाक घरंगळायला हलकंच असतं. मग पेट्रोल जातं कुठे? पहिलं, वजनात. १४ इंची जोडीपेक्षा १६ इंची अलॉय आणि २०५ टायर मिळून चाकामागे दोन-चार किलो सहज वाढतात, आणि ते परिघाजवळ वाढतात. फिरतं वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट धरावं लागतं. दुसरं, पुढून दिसणारी टायरची रुंदी ४० मिमीने वाढते आणि बंपरखालून येणारा वारा तिथे आदळतो. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: २०५/५५ मापात बाजारात येणारे बरेच टायर पकडीसाठी बनवलेल्या मऊ रबराचे असतात. चौथं, दोन टक्के मोठं चाक म्हणजे सगळे गिअर दोन टक्के उंच. वंटमुरीच्या चढाला किंवा चोर्ल्याच्या वळणांवर जिथे तिसरा पुरत होता तिथे दुसरा टाकावा लागतो. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाने २०१० साली एकाच फोक्सवॅगन गोल्फ मोटारीवर १५ ते १९ इंची चाकं चढवून चाचणी घेतली, तेव्हा चार इंचांत ॲव्हरेज सुमारे १० टक्क्यांनी पडलं होतं.

खड्ड्याचा मुद्दा पेट्रोलचा नाही, पण खिशाचाच आहे. मूळ टायरची बाजू १३२ मिमी उंच, २०५/५५ ची ११३. पावसाळ्यानंतर जांबोटीच्या पुढे जे खड्डे पाण्याखाली लपतात त्यात हे २० मिमी म्हणजे रिम वाचणं आणि रिम वाकणं यातला फरक. बाजूला फुगा आला की तो टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

अलॉय हलके म्हणून ॲव्हरेज वाढतं, असंही सांगितलं जातं. अलॉय हलका असेलच असं नाही. बाहेरून मिळणारे स्वस्त ओतीव अलॉय लोखंडी रिमपेक्षा जड निघतात, दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. समजा प्रत्येक चाकामागे २ किलो खरंच वाचले, तरी फिरत्या वजनाचा दुप्पट हिशेब धरून गाडी १६ किलोने हलकी झाल्यासारखी, म्हणजे दीड टक्का, आणि तेही फक्त थांबत-निघत जाताना. समान वेगात जवळजवळ शून्य. अलॉयचे पैसे पेट्रोलमधून कधीच वसूल होत नाहीत. दिसण्यासाठी घ्यायचे असतील तर खुशाल घ्या, फक्त ॲव्हरेजचं कारण घरी सांगू नका.

तरीही अलॉय हवेच असतील तर रस्ता सरळ आहे. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १५ इंची अलॉय आणि १८५/६५ आर १५ देते. त्याचा व्यास ६२१.५ मिमी, तुमच्या मूळ मापापेक्षा जेमतेम २ मिमी जास्त. मीटर चुकत नाही, गिअर बदलत नाहीत, जुनी १४ इंची स्टेपनीही वेळेला चालते. ॲव्हरेजमध्ये एखाद्या टक्क्याचा फटका बसेल, बदल्यात वळणावरची स्थिरता सुधारेल. नवे घेण्याऐवजी कोणीतरी मोठी चाकं टाकून काढून ठेवलेले कंपनीचे अलॉय जुन्या बाजारात मिळतात. घेताना प्रत्येक रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायरशिवाय फिरवून घ्या. आतली कड वर-खाली नाचली तर ती रिम ठोकून सरळ केलेली आहे किंवा करावी लागणार आहे. आतल्या बाजूला वेल्डिंगची रेघ दिसली तर हातही लावू नका.

बाहेरचे अलॉय घेताना चार आकडे जुळले पाहिजेत. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचं माप, तुमच्या गाडीला ४×१०० आहे. रिमची रुंदी: १८५/६५ ला ५ ते साडेसहा इंच चालते. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसणारी पाटी किती सरकलेली आहे ते माप, कंपनीच्या आकड्यापेक्षा फार कमी असला तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण पडतो आणि स्टिअरिंग जड होतं. चौथा आकडा दुकानात कोणी विचारतच नाही: मधलं छिद्र. गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५४.१ मिमीचा, आणि बाजारातल्या अलॉयचं छिद्र बऱ्याचदा त्याहून बरंच मोठं, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते, ती बसवली नाही तर चाक फक्त नटांवर लटकतं आणि ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून पैसे घालवतात. रिंगचे पैसे मामुली असतात. नटही तपासा: निमुळत्या तोंडाच्या नटाची जागा असलेल्या रिमला सपाट किंवा गोल तोंडाचा नट लावला तर तो घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो.

आता टायर. इथे भाषेचा एक घोटाळा आहे. आपण पेट्रोलला ‘ॲव्हरेज’ म्हणतो आणि टायरच्या धंद्यात ‘मायलेज’ म्हणजे टायर किती किलोमीटर टिकतो. ‘याचं मायलेज एक नंबर’ म्हटलं की गिऱ्हाईकाला पेट्रोल ऐकू येतं, दुकानदाराला आयुष्य म्हणायचं असतं, आणि दोघंही खुशीत घरी जातात. प्रत्यक्षात या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या विरुद्ध जातात. टिकावा म्हणून नक्षी खोल आणि रबर जास्त ठेवलं की ओढ वाढते. टॅक्सीवाल्यांच्या आवडीचे टायर या गटातले. ते वाईट नाहीत. तुम्हाला हवंय ते मात्र ते नव्हेत.

ओढ, ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा ही तिघांची ओढाताण आहे. एकाला झुकतं माप दिलं की दुसरा रुसतो. त्यातून मार्ग काढला सिलिकाने. पूर्वी रबरात काजळी भरत, तिच्या जागी बराचसा सिलिका भरला की फिरताना रबर कमी तापतं आणि ओल्या रस्त्यावर पकडही टिकते. मिशेलिनने १९९२ मध्ये अशा टायरची सुरुवात केली, आता बहुतेक कंपन्यांकडे तो प्रकार आहे. ब्रिजस्टोनची इकोपिया किंवा मिशेलिनची एनर्जी ही मालिका या हेतूनेच काढलेली. पण नावावर जाऊ नका, लेबलवर जा. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे, फ्रिजवर असतात तसे एक ते पाच, आता काही टायरवर मिळतात. मोटारीचे टायर त्यात ‘सी १’ वर्गात येतात. आयात केलेल्या टायरवर युरोपी लेबल असेल तर त्यात ओढीला ए ते ई अशी श्रेणी असते: ए म्हणजे टनाला ६.५ किलो किंवा कमी, बी ७.७ पर्यंत, सी ९ पर्यंत, डी १०.५ पर्यंत, बाकी ई. एक किलोचा फरक म्हणजे पेट्रोलमध्ये दीडेक टक्का, असा ढोबळ हिशेब ठेवा. त्याच लेबलवर ओल्या पकडीची वेगळी श्रेणी असते आणि तुमच्या रस्त्यासाठी ती आधी वाचा. गोकाक-अथणीकडे कोरड्या रस्त्यावर फिरणाऱ्याने ओढ ए आणि पकड सी घेतली तर मी अडवणार नाही. खानापूर-जांबोटी-कणकुंबी भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस पडतो त्यात पकड बी पेक्षा खाली नको, मग ओढ सी आली तरी चालेल.

कंपनीतून आला तोच टायर, तेच नाव, तीच नक्षी घेतली की ॲव्हरेज तसंच राहील, ही समजूतही सोडा. गाडीबरोबर येणारा टायर गाडी बनवणाऱ्याच्या मागणीप्रमाणे कमी ओढीचं मिश्रण घालून केलेला असू शकतो, दुकानात त्याच नावाने मिळणाऱ्याचं मिश्रण वेगळं असू शकतं. त्यामुळे नाव आणि नक्षी जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका, लेबल असेल तर तेच बघा.

टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, ८४ म्हणजे ५००. एच म्हणजे ताशी २१० पर्यंत, टी म्हणजे १९०. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने टायरचं माप आणि हवा लिहिलेली पट्टी चिकटवलेली असते, तिच्यातल्या आकड्यापेक्षा कमी वजन पेलणारा टायर घेऊ नका. शिवाय चार अंकी शिक्का बघा: २२२५ म्हणजे २०२५ सालचा बावीसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल असेल तर बदलून मागा. गावातल्या छोट्या दुकानात कमी खपणारी मापं वर्षानुवर्षं पडून असतात. जुनं रबर कडक होतं, गुळगुळीत पळतं आणि पावसात घसरतं.

टायर आले. इथून पुढे जे वाचतं ते हवेत आहे. दारावरच्या पट्टीतल्या आकड्याहून हवा एक पीएसआय कमी असेल तर पेट्रोल ०.२ टक्के जास्त जातं. ३३ ऐवजी २५ असेल, आणि कित्येक महिने कोणी बघितलं नाही की इतकं होतं, तर दीड-पावणेदोन टक्के गेले. हजार-दीड हजार रुपये जास्त देऊन घेतलेल्या टायरची अर्धी बचत इथेच सांडली. हवा सकाळी, गाडी तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत बघायची. खिशातला स्वतःचा गेज घ्या, पंपावरचा कुठल्या दगडावर आपटलेला असतो कोण जाणे. पंपावर पोचेपर्यंत टायर तापला असेल तर पट्टीच्या आकड्यावर ३ चढवून सांगा. मशीनपाशी पोरगा कानडीत ‘एष्टु?’, म्हणजे किती, म्हणाला की लोक ‘नेहमीसारखी’ म्हणतात, आणि तो ३५ घालून मोकळा होतो. आकडा सांगा, आणि भरल्यावर आपल्या गेजने बघा.

तापमानात साडेपाच अंशांचा फरक पडला की एक पीएसआय बदलतो. मे महिन्याच्या दुपारी ३६ अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १४ अंशांत चारने कमी दिसेल, गळती नसतानाही. म्हणून दिवाळीनंतर एकदा मुद्दाम बघा. गंमत म्हणजे घाट उतरतानाही आकडा बदलतो: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, पणजी शून्यावर. खाली बाहेरचा दाब जास्त, म्हणून तोच टायर गेजवर एखादा पीएसआय कमी दाखवतो. गोव्यात उकाडा असल्यामुळे ते बरंचसं भरून निघतं. तिथे मुद्दाम भरू नका. गोव्याला जाताना पाच माणसं आणि सामान असेल तर मात्र निघायच्या आदल्या सकाळी पट्टीतला ‘पूर्ण भार’ हा आकडा भरा, मागच्या चाकांना तो बहुधा वेगळा असतो.

४० भरलं तर आणखी वाचेल का? थोडं वाचेल. पट्टीपेक्षा २ जास्त ठेवायला हरकत नाही. त्यापुढे टायर मधून घासतो, गाडी उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं. नायट्रोजनचा ॲव्हरेजशी संबंध नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फुकट मिळत असेल तर घ्या, पैसे देऊन नको.

अलाइनमेंटबद्दल दोन टोकाची मतं असतात, म्हणून नीट सांगतो. पुढच्या चाकाची दिशा अर्ध्या-पाव अंशाने चुकली तर पेट्रोलवर फरक जाणवत नाही, पण टायर मरतो. ०.३ अंश चूक म्हणजे चाक प्रत्येक किलोमीटरला पाच मीटर आडवं घासत नेल्यासारखं. कड आतून किंवा बाहेरून करवतीसारखी झाली असेल, हात फिरवला की एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागत असेल, तर हेच. पण कोन दुप्पट झाला की ओढ चौपट होते. एक अंशावर दोन चाकं मिळून ओढ तब्बल अडीच-तीन किलोने वाढते, म्हणजे महागडा टायर घेऊन जितकं वाचवलं त्याहून जास्त. खड्ड्यात जोरात आपटल्यावर स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहिलं तर १०,००० किलोमीटरची वाट बघू नका, त्याच आठवड्यात करून घ्या. आधी चाकाचे आणि स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड, हलवून बघायला सांगा. ते सैल असताना केलेलं अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंत टिकतं.

बॅलन्सिंगच्या आधी रिम आतून धुवा. आपल्याकडची तांबडी माती, आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर सांडलेला चिखल, रिमच्या आतल्या कडेला सुकून बसतो. त्यावर वजन लावून केलेलं बॅलन्सिंग पहिल्या पावसात तो चिखल सुटला की बिघडतं.

ॲव्हरेज टायर बदलूनही दोन-अडीचने कमी येत असेल, मीटरची चूक वजा केल्यावरही, तर टायरकडे बघणं थांबवा आणि ब्रेक बघा. खानापूरच्या ओल्या हवेत ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, पॅड डिस्कला चिकटून राहतो. वीस किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक मारत चालवून थांबा आणि चारही रिमच्या मध्यभागी हात जवळ न्या, लगेच टेकवू नका, पोळेल. डावं-उजवं यात एकच बाजू तापलेली असेल तर सापडलं. पुढचं चाक जॅकवर उचलून न्यूट्रलमध्ये हाताने फिरवलं तर अडखळत थांबेल. पिना काढून साफ करून त्यांना लागणारं ग्रीस लावणं हे तासाभराचं काम.

नवे टायर बसवल्यावर पहिले २०० ते ३०० किलोमीटर वळणावर सांभाळून जा, वरचा चकचकीत थर घासायचा असतो. ओढही सुरुवातीला थोडी जास्तच असते, म्हणून ॲव्हरेजचा निकाल २,००० किलोमीटरच्या आत लावू नका. दर ८ ते १० हजारांना पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करा. दोनच बदलत असाल तर नवे मागे, गाडी पुढून चालते म्हणून नवे पुढे लावायचा मोह सगळ्यांना होतो, पण ओल्या वळणावर मागचं टोक सुटलं की सावरता येत नाही. कायद्याने १.६ मिमी नक्षी पुरते. चोर्ल्याला जाणाऱ्याने ३ मिमीवरच नवे घ्यावेत.

बसवून घरी येताना ट्यूबलेसचा व्हॉल्व्हही नवा लावला का ते विचारा, जुना तसाच ठेवला की टायर नवा आणि हवा रोज एक-एक पीएसआय खाली. शंका असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसेल. आणि अलॉय घेतले असतील तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने, टॉर्क पान्याने. नुसत्या एअर गनने नको. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघून टाका.